डाव्या हाताची कुऱ्हाड

उदगीरच्या बाजारातून आमचे मालक कुऱ्हाड घेऊन आले तेव्हा मी अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. कुऱ्हाड वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. कागद सोडवला तर पातं लालभडक रंगवलेलं, त्यावर वाघाच्या तोंडाचा स्टिकर, आणि दांड्याला असं चकचकीत रोगण, की जोरात उगारली तर हातातून निसटून शेजाऱ्याच्या घरात जाईल.

मी म्हणाले, "ही लाकडं तोडाची हाय का नवरदेवाच्या हातात द्याची?"

"स्वस्तातली हाय," मालक म्हणाले. "हलकी मनून घेतली."

"घरात कुऱ्हाडी काय कमी हायत?"

"माझ्यासाठी न्हाई. लिंबाजीसाठी हाय."

शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि कुऱ्हाड हातात घेऊन पाहिली. खरंच हलकी होती. एका हातानं उचलता येत होती.

लिंबाजी माझा पाठचा भाऊ. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या अलीकडं. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे फक्त विहार आणि शाळा. लिंबाजीनं आणि आमच्या मालकांनी, म्हणजे निवृत्तींनी, सगळा जन्म जोडीनं लाकडं तोडली. कुणाच्या बांधावरची बाभूळ वाळली, कुणाची चिंच वादळात पडली, की या दोघांना बोलावणं यायचं. बुंध्याच्या दोन बाजूंना दोघं उभे राहत आणि एकाची कुऱ्हाड वर असली की दुसऱ्याची खाली असे. अलीकडं पेट्रोलवर चालणारं कटर मशीन गावोगाव आलं. बुंधा ते कापतं. पण फांद्या सवळायला, म्हणजे छाटून साफ करायला, काटे काढायला, खोडं फोडायला माणूस आणि कुऱ्हाडच लागते. त्यामुळं काम कमी झालं तरी बंद झालं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास लिंबाजी हणमंतरावांच्या मळ्यात कडबा कुट्टीवर मजुरीनं गेला होता. मशीनमध्ये पेंढी सारताना सदऱ्याची बाही अडकली. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. हणमंतरावांनीच गाडीत घालून लातूरला दवाखान्यात नेलं. जखम भरली. टाके निघाले. डॉक्टर म्हणाले, आता घरी जा, हळूहळू हाताला कामाची सवय लावा.

लिंबाजी घरी आला आणि बसला. नुसता बसला. हात टॉवेलखाली झाकून ठेवायचा. दारात कुणी आलं की आत जायचा. जेवायचा तेही भिंतीकडं तोंड करून, कारण आता घास डाव्या हातानं घ्यावा लागत होता. आमच्या लहानपणी डाव्या हातानं भाकरीला हात लावला तर आमची माय उलथन्यानं मारायची. आपल्या बायकोसमोरसुद्धा त्याला लाज वाटायची. मंजुश्री, त्याची लेक, अर्धापूरला दिली आहे. ती बापाला न्यायला आली तर म्हणाला, तुझ्या सासरी पंगतीला कसा बसू. ती रडत एकटीच परत गेली.

महामाया, माझी भावजय, एकदा पाणवठ्यावर मला म्हणाली, "आक्का, रात्री झोपत न्हाईत. आढ्याकडं बगत पडत्यात. मला लई भ्या वाटतंय."

कशाची भीती, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या भागातल्या बाईला ते सांगावं लागत नाही.

ते मी मालकांना सांगितलं. पुढच्या बाजारी उदगीरला गेले आणि ही लाल कुऱ्हाड घेऊन आले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती कामाला घेतली. आधी स्टिकर खरवडला. मग रॉकेलच्या बोळ्यानं आणि पॉलिश पेपरनं रंग काढला. लाल रंगाखाली पांढुरका रंग निघाला आणि त्याच्याखाली लोखंड, खडबडीत, ओतल्यासारखं. मालकांनी कानस चालवून पाहिली. कानस लोण्यातून जावी तशी गेली. त्यांचं तोंड उतरलं.

"धार धरणार न्हाई ही," म्हणाले.

मग ते वीरण्णाकडं गेले. वीरण्णा लोहार उदगीर रस्त्यावर भाता घालून बसतो. भाता म्हणजे आता विजेचा पंखा आहे. त्याचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. त्यानं पातं ऐरणीवर आपटून आवाज ऐकला आणि हसला.

"निवृत्तीमामा, ह्ये खेळण्याचं दुकानातनं आणलं का?"

"खेळण्याच्या दुकानातनं आणलं असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो? काय करता येतंय ते सांग."

वीरण्णानं ट्रकच्या कमानीतला पोलादाचा एक तुकडा शोधला. पात्याची मऊ धार कापून टाकली आणि तो तुकडा तिथं जोडला. खालचा कोपरा निमुळता करून वजन आणखी उतरवलं. मग धार लाल करून पाणी दिलं. पात्याचा आवाज बदलला. संध्याकाळी मालक घरी आले तेव्हा पातं काळंनिळं झालं होतं आणि बाजारातल्या वाघाची त्याच्यावर काही खूण उरली नव्हती.

राहिला दांडा. बाजारचा दांडा मालकांनी पहिल्याच दिवशी काढून टाकला होता. त्याला दोन गाठी होत्या आणि रोगण काढल्यावर आत एक भेगही दिसली. नवा दांडा करायचा, तर माप पाहिजे. आमच्याकडं दांडा करायचा म्हणजे ज्याची कुऱ्हाड त्याला उभं करतात, हात सोडून. सुतळीनं बगलेपासून माप घेतात, मुठीचा घेर घेतात. एकाच्या मापाचा दांडा दुसऱ्याला देत नाहीत. हात उतरतो, त्यातलं बळ जातं म्हणतात.

"लिंबाजीला बोलवा मग," मी म्हणाले.

"यील का त्यो?"

येणार नाही, हे मलाही ठाऊक होतं. विचारलं तर टॉवेल आणखी घट्ट गुंडाळून भिंतीकडं तोंड करील. मालकांचा बेत असा होता, की कुऱ्हाड पूर्ण तयार करून एकदम त्याच्या पुढ्यात ठेवायची. तयार वस्तू पाहिली की हात आपोआप जाईल. मलाही ते पटलं.

मग ते म्हणाले, "त्याची जुनी कुऱ्हाड आण. तिचा दांडा तिवसाचा हाय. आमी दोघं किनवटच्या जंगलात कामाला गेलो व्हतो तवाचा. असलं लाकूड आता घावत न्हाई. त्योच कापून आखूड करतो. त्याच्या तळव्याची ओळख हाय त्याला."

मी महामायाकडं गेले. लिंबाजी आत पडून होता. मी तिच्या कानात सांगितलं. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला. तिनं दारामागची कुऱ्हाड लुगड्याच्या पदराखाली झाकून मला दिली. मालकांनी पाचर काढली, दांडा ठोकून सोडवला आणि पातं मला परत दिलं. म्हणाले, एवढं जड पातं आपल्या घरात कशाला, त्याची चीज त्याच्या घरात राहू दे. मी ते पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून महामायाकडं पोचतं केलं आणि तिनं ते ज्वारीच्या कोठीमागं ठेवलं.

यात काय चुकतंय, ते तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. आम्ही तिघंही लाकूडतोड्यांच्या घरातली, आणि तिघांनीही तोडणाऱ्यांची मयतं पाहिलेली. पण आम्ही जिवंत माणसाचा विचार करत होतो, म्हणून डोक्यात ते आलंच नाही.

मालकांनी तीन-चार दिवस त्या दांड्यावर काम केलं. आखूड केला. उजव्या मुठीनं पडलेला खळगा तासून सपाट केला आणि डाव्या हातासाठी दुसरीकडून थोडा उतार दिला. शेवटाला गोंड्यासारखी गाठ ठेवली, निसटू नये म्हणून. काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केला. करडईचं तेल चोळलं आणि चुलीच्या धगीला धरला. दांडा उतरत्या उन्हातल्या मधासारखा दिसायला लागला. नवं पातं त्यात बसवलं, पाचर ठोकली. मी उचलून पाहिली. खरं सांगते, अशी देखणी कुऱ्हाड मी पाहिली नव्हती.

"उद्या सकाळी नेऊ," मालक म्हणाले.

पण सकाळी आम्ही निघायच्या आधीच महामाया धावत आली. डोक्यावरचा पदर पडलेला.

"आक्का, दाजी, चला लौकर. त्यायला पातं सापडलं."

"कोणतं पातं?"

"कुऱ्हाडीचं. कोठीमागं मांजर शिरलं मनून हे काठी घालायला गेले. आता मांडीवर घेऊन बसल्यात. मला मनत्यात, पांढरं धोतर काढून ठिव."

मालक खाटेवर बसले ते बसलेच.

आमच्या लाकूडतोड्या घरांत एक रीत आहे. बाकीच्यांत नसेल. तोडणारा माणूस गेला, की त्याच्या कुऱ्हाडीचा दांडा काढतात आणि सरणावर त्याच्या उजव्या हाताजवळ ठेवतात. पातं घरात राहतं, लेकाला किंवा भावाला जातं. दांडा त्याच्याबरोबर जळतो. आमचा बाप गेला तेव्हा त्याचा दांडा लिंबाजीनंच ठोकून काढला होता. आमच्याकडं घरात नुसतं पातं दिसलं, म्हणजे त्या घरातला माणूस गेला.

आणि आम्ही जिवंत भावाच्या घरात नुसतं पातं नेऊन लपवलं होतं.

मालक उठले. नवी कुऱ्हाड घेतली. मी म्हणाले, "ती आता कशाला नेता?"

"लपवून काय व्हाचं ऱ्हायलं?" ते म्हणाले.

लिंबाजी उंबऱ्याच्या आत बसला होता. टॉवेल बाजूला पडला होता. मांडीवर जुनं पातं आणि त्यावर तो तुटका हात. मी तो हात त्या दिवशी पहिल्यांदा उघडा पाहिला. चारही बोटांच्या जागी गुलाबी, ताणलेली कातडी आणि बाजूला एकटा अंगठा.

त्यानं मालकांकडं पाहिलं. आवाज चढवला नाही.

"या दाजी. सरण कवा रचाचं ठरलंय तेवढं सांगा. मंजुश्रीला निरोप धाडावा लागंल, अर्धापूर लांब हाय."

"लिंबाजी, असं बोलू नको रे," मी म्हणाले.

"मी कुठं बोलून राहिलो, आक्का. तुमीच बोलला. पातं बोललं."

मालक म्हणाले, "चुकी झाली. माप पाहिजे व्हतं. तुझ्यासाठी केली ही." आणि त्यांनी कुऱ्हाड पुढं धरली.

लिंबाजीनं ती लगेच घेतली नाही. दांड्याकडं पाहत राहिला. त्यानं ओळखला. कितीही तासला, घासला, तरी स्वतःच्या हाताखाली जन्म काढलेला दांडा माणूस ओळखणारच.

"तासला?"

"हाव."

"माझा खळगा काढून टाकला?"

"डाव्या हाताला आडवा येत व्हता."

"मला इचारलं?"

मालकांनी पुढं धरलेली कुऱ्हाड खाली केली.

"तू उठला असतास का इचारलं असतं तर?" ते म्हणाले.

"न्हाई उठलो असतो. शिव्या दिल्या असत्या. पर इचारलं का?"

"न्हाई इचारलं."

चुलीवर आंघोळीच्या पाण्याचं भगुणं होतं. चूल धुमसत होती. कुणी फुंकर घालायला हललं नाही. महामाया तोंडावर पदर धरून भिंतीला टेकली होती.

लिंबाजी म्हणाला, "हा दांडा उजव्या हाताचा हाय. डाव्याच्या मापानं तासला मनून डाव्याचा व्हत न्हाई. त्यानं त्या हाताचा घाम पिलाय." मग तो म्हणाला, "माझी बोटं कुट्टीत गेली. रगत लागलेली समदी कुट्टी हणमंतरावांनी उकिरड्याच्या खड्ड्यात पुरली. चांगलं केलं त्यायनी, जनावरापुढं टाकली न्हाई. पर त्या हाताला कुणी खांदा दिला न्हाई. कुणी माती दिली न्हाई. मी रोज हितं बसून त्याचंच मयत राखून राहिलो, आन तुमाला वाटलं मी बसून ऱ्हायलो."



त्यानं पातं मांडीवरून खाली ठेवलं, डावा हात भिंतीला लावला आणि उभा राहिला. मालकांच्या हातातून नवी कुऱ्हाड घेतली. बाहेर पायरीच्या दगडापाशी गेला. कुऱ्हाड उलटी धरली आणि पात्यातून बाहेर आलेलं दांड्याचं टोक दगडावर आपटायला लागला, पातं सुटावं म्हणून. डावा हात कच्चा. पहिला दणका तिरपा गेला, दुसरा त्याच्याच पायाजवळ बसला. मालक पुढं झाले.

"हात लावू नका," तो म्हणाला.

मालक मागं सरले. लिंबाजीनं दांडा तुटक्या हाताच्या काखेत दाबला, अंगठ्यानं अडवला आणि डाव्या हातात दगड घेऊन पात्याखालून ठोकायला लागला. पाचर चांगली बसवलेली होती. त्याला घाम आला. कपाळावरच्या शिरा फुगल्या. दोनदा तो खाली बसला, दोनदा उठला. शेवटी पातं निसटून अंगणात पडलं.

तो दांडा घेऊन आत आला. त्यानं एकदा त्याच्यावरून तुटका हात फिरवला, टोकापासून टोकापर्यंत. मग चुलीत घातला.

तेल प्यालेलं लाकूड. आधी नुसता धूर आला, मग एकदम पेटलं. आम्ही सगळे तिथंच उभे राहिलो, मयतावर उभं राहतात तसे. महामायानं हात जोडले आणि हळू आवाजात त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. माझ्याही तोंडून ते आपोआप निघालं. दांड्याच्या शेवटची गाठ सगळ्यात उशिरा जळाली.

भगुण्यातलं पाणी उकळायला लागलं तेव्हा लिंबाजी म्हणाला, "मयतावरून आल्यावर आंघोळ करावी लागती. महामाया, पाणी काढ."

आणि मालकांना म्हणाला, "दाजी, जाऊ नका. आंघोळ झाली की उभा ऱ्हातो. सुतळी हाय का तुमच्याकडं का ती बी माझ्या घरातनं चोरून न्याची हाय?"

मालकांच्या खिशात सुतळी होती.

आंघोळ करून तो अंगणात उभा राहिला, उघडाबंब, डावा हात मोकळा सोडून. मालकांनी माप घेतलं. बगलेपासून नको, असं लिंबाजीच म्हणाला. एका हाताची कुऱ्हाड कोपरापासून मोजायची. मुठीचा घेर घेतला. मग लिंबाजीनं तुटका हातही पुढं केला.

"ह्याचंबी घ्या. अंगठा हाय की अजून. वरच्या बाजूनं धरायला यील."

मालकांनी त्या अंगठ्याभोवती सुतळी गुंडाळली. त्याला दुखतंय का, असं विचारायला त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग उघडलं.

"दुखतंय का?"

"दुखतंय," लिंबाजी म्हणाला. "तुमी घ्या."

हणमंतरावांच्या बांधावर बोरीचं एक वाळलेलं लाकूड होतं. ते विचारून आणलं. दांडा आमच्या अंगणात झाला, पण यावेळी लिंबाजी समोर बसून होता आणि मालकांना एक क्षण सुखानं काम करू देत नव्हता. इथं जाड झाला, तिथं कानस कमी लावा, मी काय बाई हाय का एवढा बारीक करायला. मी म्हणाले, बाईच्या हातात कुऱ्हाड कधी पाहिली नाहीस का? तो म्हणाला, आक्के, तुझ्या हातात पाहिली, म्हणून तर दाजी एवढे गरीब झाले. मालक कानस थांबवून हसले. अंगठ्याच्या जागी मालकांनी एक खाच ठेवली आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली, घसरू नये म्हणून. ती दिसायला काही चांगली नव्हती. पहिल्या कुऱ्हाडीपुढं ही अगदीच ओबडधोबड. लिंबाजीनं ती बरेच वेळा हवेत फिरवून पाहिली आणि म्हणाला, "चालंल."

जुनं जड पातं तसंच राहिलं. मालकांनी विचारलं, याला दांडा बसवू का. लिंबाजीनं मान हलवली.

"ऱ्हाऊ द्या. मी गेल्यावर ज्याला बसवायचा त्यो बसवील."

महामायानं ते पातं आता लपवलं नाही. दाराजवळच्या खुंटीला टांगलं.

हणमंतरावांच्या मळ्यात वादळानं पाडलेली एक बाभूळ होती. बुंधा मशीननं कापून नेला होता, फांद्या पडून होत्या. दोघं तिथं गेले. मी आणि महामाया काटे ओढायला गेलो. हणमंतराव विहिरीवर होते. लिंबाजीला पाहून ते दोन पावलं पुढं आले, मग तिथंच थांबले आणि मोटार चालू करायला परत वळले. त्यांनाही त्या जागेवर यायला जड जात असावं.

लिंबाजीनं मनगटाएवढी फांदी निवडली. पहिला घाव सालीवरून घसरला. दुसरा बसला, पण आडवा. मालक पलीकडं आपली फांदी सवळत होते. ते पाहत नव्हते, पण त्यांचा हात सारखा थांबत होता, हे माझ्या लक्षात येत होतं. दोघांच्या कुऱ्हाडी आधी एका ठेक्यात पडायच्या. आता एकाचे दहा घाव होत तेव्हा दुसऱ्याचा एक होई, मग बराच वेळ काहीच नाही, आणि पुन्हा एक.

एकदा पातं फांदीत रुतलं. एका हातानं निघेना. मालकांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

"दाजी, तुमचं काम करा," लिंबाजी तिकडं न पाहता म्हणाला. त्यानं फांदीवर पाय दिला, अंगठा खाचेत अडकवला आणि हिसका मारला. कोयत्यानं मोळीची दोरी तुटते तसा आवाज झाला आणि पातं निघालं. तो तोल जाऊन मागं बसला, काट्यांवर. शिवी दिली. उठला.

दुपारपर्यंत त्यानं ती एक फांदी तोडली. पूर्वी तेवढ्या वेळात अख्खी बाभूळ सवळून व्हायची.

आम्ही सावलीला पाणी प्यायला बसलो तेव्हा महामायानं त्याचा डावा हात ओढून पाहिला. तळव्याला फोड आले होते, एक फुटलाही होता. ती हळदीसाठी पिशवी शोधायला लागली. त्यानं हात सोडवून घेतला आणि स्वतःच्या तोंडासमोर धरला. नव्यानं कामाला लागलेल्या पोराला येतात तसे मऊ, पाण्यानं भरलेले फोड. त्यातल्या एकावर त्यानं उजव्या हाताचा अंगठा हलकेच दाबून पाहिला, आणि तो डावा हात बराच वेळ खाली ठेवला नाही.